एक आण्याचा शिलेदार

आमच्या घरी सध्या एक घोडेस्वार मुक्कामाला आहे. उंची बारा सेंटिमीटर, त्यातला वरचा एक सेंटिमीटर फेट्याचा. तो चहा मागत नाही, पेपर आधी पळवत नाही, रात्री घोरत नाही. तरी आजवर एकाही पाहुण्याने दिला नाही एवढा ताप त्याने दिला, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. ही इंदूरची, होळकरांच्या मुलखातली. १८०१ च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनपाशी शिंद्यांच्या कवायती पलटणींचा फडशा पाडला, ही बातमी तिच्या माहेरी अजून शिळी झालेली नाही. आम्ही शिंद्यांकडचे, त्यामुळे आमच्यात वाद झाला, की त्याचा निकाल सव्वादोनशे वर्षांपूर्वीच लागलेला असतो.

हा घोडेस्वार रेझिनचा आहे. परदेशात अशा सैनिकांचे संच मिळतात. हात वेगळे, पाय वेगळे, मुंडकं वेगळं. आपण ते धुवायचं, घासायचं, चिकटवायचं, रंगवायचं, काचेच्या कपाटात ठेवायचं आणि पुढची पंधरा वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येक लहान मुलावर ओरडायचं. मापं ठरलेली असतात. ५४ मिलिमीटर, ७५, ९०. आणि आमचा हा १२०, म्हणजे एकास सोळा. खऱ्या माणसाचा सोळावा हिस्सा.

आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तिला 'एकास सोळा' समजावताना माझी दमछाक झाली. शेवटी तीच म्हणाली, "म्हणजे एक आणा, असं सरळ सांग की!"

१९५७ साली दशमान नाणी आली आणि रुपयातले सोळा आणे गेले, पण आईच्या हिशेबातून ते अजून गेलेले नाहीत. मला तो शब्द इतका आवडला, की संचाची किंमतही मी हिला आण्याच्या मापानेच सांगितली. खऱ्या किमतीचा बरोब्बर सोळावा भाग.

तरी ती म्हणाली, "एवढे?"

आता एवढ्या पसाऱ्यात पडायचं कारण काय, असं कोणी विचारेल. सगळ्यांनीच विचारलं. कारण असं, की आम्ही उज्जैनचे जुने मराठी. राणोजी शिंद्यांबरोबर माळव्यात आलो, असं आमच्या घरात सांगतात. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचं मंदिर पुन्हा उभं केलं, तेव्हा आमच्यापैकी कोणीतरी तिथे उभं राहून सूचना केल्या असणार, याबद्दल मला शंका नाही. पुढे १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. सरकार गेलं, लष्कर गेलं, त्या छावणीचं गाव झालं आणि त्या गावाचं नावही 'लश्कर' पडलं. आमच्या पूर्वजांनीही निघायचं ठरवलं होतं. सामान बांधून व्हायचं होतं. ते अजून बांधून व्हायचंय.

अशा घराण्यातल्या माणसाला वाटणारच, की आपल्याकडे शिंदेशाहीतला एखादा घोडेस्वार असावा. मी शोध घेतला. नेपोलियनच्या फौजेतला ढोलवाला मिळतो, तुतारीवाला मिळतो, पाय दुखतोय म्हणून बसलेला मिळतो, मेलेला मिळतो. रोमन, जपानी, स्कॉटिश वाटेल तेवढे. मराठी घोडेस्वार काही माझ्या हाती लागेना. शेवटी एका यादीत सापडला तो स्किनरच्या रिसाल्यातला स्वार.

स्किनर म्हणजे जेम्स स्किनर, दिल्लीच्या लोकांचा 'सिकंदरसाहेब'. बाप स्कॉटिश, आई राजपूत. आई हिंदुस्थानी म्हणून कंपनीच्या फौजेत त्याला अधिकारी होता येईना, तेव्हा १७९६ च्या सुमारास, अठराव्या वर्षाच्या आसपास, तो शिंद्यांच्या कवायती फौजेत लागला. सात वर्षं लढला. १८०० साली उनियाराच्या लढाईत जखमी होऊन रणात पडला असताना त्याने नवस केला, की वाचलो तर देऊळ बांधीन. वाचला. दिल्लीत काश्मिरी दरवाजाजवळ सेंट जेम्स चर्च उभं आहे, ते त्या नवसाचं. १८३६ मध्ये पुरं झालं. नवस केल्यापासून छत्तीस वर्षांनी! कामं रखडवणाऱ्या माणसाबद्दल मला आपोआप जिव्हाळा वाटतो.

पण आमचे एक चुलतभाऊ इतिहासप्रेमी आहेत. ते खवळले. "अरे, १८०३ मध्ये हा इंग्रजांना जाऊन मिळाला! फितुराला घरात आणतोस?"

मी म्हटलं, "गेला नाही, त्याला काढला. इंग्रजांशी युद्ध जुंपणार म्हणून शिंद्यांचा सेनापती पेराँ याने इंग्रजी रक्ताचे अधिकारी घरी पाठवले."

"म्हणून काय शत्रूकडे जायचं?"

"मग काय करायचं? बँकेत लागायचं?"

हे मी स्वतः बँकेत तेहतीस वर्षं काढल्यामुळे जरा जास्तच तळमळीने म्हणालो असेन. चुलतभावांनी तीन महिने अबोला धरला.

माझ्या बाजूने आणखी एक मुद्दा होता, आणि तो पक्का होता. स्किनरचा रिसाला चालायचा तो शिलेदारी पद्धतीने. मराठी फौजेत बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारचा. आणि शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं, सगळा बारदाना पदरचा. इंग्रजांनी ही पद्धत उचलली, शब्दासकट उचलली, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत चालवली. म्हणजे कपडे कोणाचेही असोत, व्यवहार आपला. शिवाय मी हिला हेही समजावलं, की हौशी माणूससुद्धा शिलेदारच. पगार नाही, भत्ता नाही, ब्रश स्वतःचे, रंग स्वतःचे, कापलेलं बोट स्वतःचं.

"म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार," ही म्हणाली.

"अगदी बरोबर," मी म्हणालो. त्या क्षणी मी काय कबूल करून बसलोय, हे माझ्या लक्षात आलं नाही.

संच आला २०१६ साली. सिंहस्थ आटोपला होता, मी निवृत्त झालो होतो, आणि दोन्ही गोष्टींचा थकवा जायचा होता. म्हणून खोका कपाटावर ठेवला. तो तिथे काही वर्षं सुखाने राहिला. लोक संच बांधण्यासाठी घेतात हा गैरसमज आहे. संच घेणं ही एक हौस आणि बांधणं ही दुसरी; दोन्ही एकाच माणसात असतीलच असं नाही. पण पुढचा सिंहस्थ २०२८ चा, असं कोणीतरी बोललं आणि माझ्या पोटात गोळा आला. बारा वर्षांत एक बारा सेंटिमीटरचा माणूस होत नाही म्हणजे काय? वर्षाला सेंटिमीटरसुद्धा नाही! मी खोका खाली काढला.

आत एक धड, दोन पाय, एक डोकं, तलवार, म्यान, पट्टे आणि दोन हात होते. दोन्ही उजवे.

मी बराच वेळ ते हात माझ्या हाताशेजारी धरून बघितले. उलटे करून बघितले. हिला बोलावून दाखवले. ती म्हणाली, "चांगलंय की. उजव्या हाताचा माणूस." कंपनीला पत्र लिहिलं. तिकडून अत्यंत नम्र उत्तर आलं, की हा संच आता बंद झाला आहे. शेवटी डावा हात मी एम-सीलचा केला. गळक्या नळाला लावतात तेच. दोन गोळ्या एकत्र मळायच्या आणि दगड व्हायच्या आत बोटं काढायची. पहिल्या खेपेला सहा बोटं झाली.

तेव्हा मला धीर दिला तो द बॉइनने. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी ज्याने उभारल्या, तो हा बनवा द बॉइन. मूळचा सव्हॉयमधल्या शाँबेरी गावचा. १७८४ मध्ये महादजींच्या चाकरीत आला, अमाप पैसा कमावून परत गेला आणि गावाला बराच दानधर्म केला. गावाने १८३८ मध्ये त्याच्या स्मरणार्थ कारंजं बांधलं. त्याच्या चार बाजूंना चार हत्ती आहेत, पण फक्त पुढून अर्धे. पाठीमागचा भाग खांबातच गडप. तिथले लोक त्यांना प्रेमाने जे म्हणतात, त्याचं सभ्य मराठी भाषांतर 'चार बिनबुडाचे' असं होईल. ज्याच्यामुळे शिंद्यांनी उत्तर हिंदुस्थान हलवून सोडलं, त्याला अर्धेच हत्ती मिळाले. मग माझ्यासारख्याने एका डाव्या हातासाठी रडावं हे बरं नव्हे.

रेझिनची पहिली अट म्हणजे अंघोळ. साच्यातून सुटावं म्हणून त्याला तेलकट लेप असतो. तो भांड्याच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने काढायचा. हे मला माहीत होतं, पण 'एवढ्याने काय होतंय' हा आमच्या घराण्याचा जुना बाणा. धुतल्यासारखं केलं आणि प्रायमर मारला. तिसऱ्या दिवशी स्वाराच्या छातीवरून प्रायमर सालीसारखा निघाला. ज्या उज्जैनमध्ये पुरातत्त्वज्ञ वाकणकर सर राहिले, त्या उज्जैनमध्ये ही गत! १९५७ मध्ये त्यांनी रेल्वेतून जाताना ते डोंगर हेरले आणि भीमबेटका जगाला दिलं. तिथल्या खडकांवर घोडेस्वार आहेत; नुसत्या गेरूच्या नि पांढऱ्या मातीच्या रेघा. ना प्रायमर, ना वॉर्निश, ना सहा नंबरची पॉलिश कानस. शेकडो पावसाळे झाले, रेघ हलली नाही. माझा रंग सोमवारी लावला आणि बुधवारी गेला.

मग मात्र रीतसर धुणं काढलं. तुकडे लहान, बेसिनमधून वाहून जायची भीती, म्हणून चहाच्या गाळणीत घेतले. नेमका फोन आला. मी बाहेर गेलो आणि ही चहा करायला आत आली. गाळणीतून एक मिशीवाला माणूस वर बघत होता.

त्या दिवसापासून आमच्याकडे दोन गाळण्या आहेत. एकीवर रंगाने 'चहा' लिहिलंय आणि दुसरीवर 'मुंडकी'.

मान नुसती फेविक्विकने चिकटवून भागत नाही. धड आणि डोकं, दोघांत बारीक भोक पाडून पितळी तारेचा तुकडा घालायचा, म्हणजे जोड पक्का. पाऊण मिलिमीटरचं ड्रिल हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. ते लोक माझ्याकडे बघून भिंतीत खिळा मारायचं ड्रिल पुढे करत होते. गोपाळ मंदिराजवळ सराफ्यात गेलो. सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्याने मखमलीवर चिमुकलं ड्रिल ठेवलं आणि विचारलं, "छेद किसमें करना है? मोती में?"

मी खरं तेच सांगितलं. "आदमी की गर्दन में."

त्याने ड्रिल उचलून परत खणात ठेवलं. पुढची दहा मिनिटं मी मोबाइलवरचे फोटो दाखवत होतो.

इथपर्यंत सगळं कष्टाचं होतं. अब्रूचं काम सुरू होतं रंगापासून. रंग दांडेकरांच्या कॅम्लिनचे घ्यायचे हा आमचा पिढीजात शिरस्ता. मराठी माणसाने १९३१ साली सुरू केलेला कारखाना. आधी त्यांच्या शाईवर घोडा होता, पुढे उंट आला. घोडेस्वार रंगवायला उंट छाप रंग घेताना मला थोडं वाईट वाटलं, एवढंच.

स्किनरच्या स्वारांचा अंगरखा पिवळाधमक. इंग्रज त्यांना 'पिवळी पोरं' म्हणत. मला वाटलं, पिवळा म्हणजे काय, हळदीचा रंग. आपल्या रक्तातच आहे. पण पिवळ्यासारखा लबाड रंग दुसरा नाही. एक हात मारला तर खालचं सगळं दिसतं. दोन मारले तर पट्टे दिसतात. पाच मारले तर अंगरख्याच्या चुण्या बुजतात आणि स्वार श्रीखंडात बुडवून काढल्यासारखा दिसतो. त्यासाठी खाली आधी फिकट गुलाबी किंवा बदामी थर द्यायचा असतो. आणि खरी मेख सावलीची. चुणीच्या आत अंधार दाखवायचा म्हणून मी भोळेपणाने पिवळ्यात काळा मिसळला. पिवळ्यात काळा गेला की तो हिरवा होतो. अंगरख्यावर जागोजाग शेवाळ धरलं. पुण्याहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला, त्याला कौतुकाने दाखवला. तो म्हणाला, "बाबा, हा फ्रिजच्या बाहेर राहिला होता का?"

शेवटी कळलं, की पिवळ्याची सावली तपकिरीने करायची आणि उजेड मलईने. कढीला फोडणी जशी वरून, तशी. हे सगळं मे महिन्यात चाललं होतं. उज्जैनचा मे महिना. ब्रश रंगातून निघून स्वारापर्यंत पोचायच्या आत रंग वाळायचा. त्यावर उपाय म्हणजे ओला स्पंज, त्यावर बटरपेपर, त्यावर रंग, आणि हे सारं घट्ट झाकणाच्या डब्यात. घरातला सगळ्यात घट्ट झाकणाचा डबा पोळ्यांचा होता. होता, असंच म्हणावं लागेल.

अंगरखा जमला आणि फेटा आडवा आला. शेजारी लग्नात साफे बांधणारे एक गृहस्थ राहतात. मोसमात एकेका मांडवात शंभर-शंभर डोकी बांधतात. ते सहज डोकावले. मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी फेटा चारही बाजूंनी बघितला आणि दुःखाने मान हलवली.

"किसने बांधा ये?"

मी म्हटलं, "युरोपातल्या एका शिल्पकाराने."

"भाईसाब, आखरी पेंच खोसा ही नहीं है. घोड़ा दुलकी चला कि साफा गया क्षिप्रा में." मग भिंग खाली ठेवत त्यांनी घाव घातला, "और घोड़ा है कहाँ?"

घोडा संचात नव्हता. हा पायउतार स्वार होता. घोड्यावरून उतरून उभा. असं मी त्यांना सांगितलं. "बांध के आया होगा," असं पुटपुटत ते गेले, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. त्याआधी हाच प्रश्न पोस्टमनने, गॅसवाल्याने आणि दूधवाल्याच्या धाकट्या भावाने विचारला होता. चार वर्षांत एकाही माणसाने माझ्या पिवळ्या रंगातली तपकिरी सावली बघितली नाही. सगळ्यांनी नसलेला घोडा मात्र बघितला.

फेट्याचा सल माझ्या मनात राहिला. दुसऱ्या दिवशी मी काळभैरवाला गेलो. बाकीचे लोक देवाला मद्य चढवायला रांगेत होते; मी पगडी बघायला होतो. काळभैरवाच्या डोक्यावर शिंदेशाही पगडी असते. पानिपतानंतर पुन्हा यश यावं म्हणून महादजींनी आपली पगडी देवाला वाहिली, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मी मान वाकडी करकरून पेच मोजत होतो. मागच्या माणसाने दोनदा ढकललं. पुजाऱ्यांनी विचारलं, "बाटली?" मी म्हटलं, "नाही, फक्त पगडी." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तिचा अर्थ असा होता, की हा बाहेरूनच घेऊन आलाय. घरी येऊन मी एम-सीलची चिमुकली वळी केली आणि शेवटचा पेच खोवला. आता घोडा दुलकी चालो की चौखूर. फक्त यायचा बाकी.

राहिली डोळ्यांची गोष्ट. ते काम फेट्याच्या आधीच सुरू झालं होतं.

माणसाचं बुबुळ साधारण बारा मिलिमीटरचं. त्याचा सोळावा हिस्सा म्हणजे पाऊण मिलिमीटर. त्यात काळी बाहुली, आणि तिच्यावर उजेडाचा ठिपका. हे एकदा जमवायचं आणि मग शेजारी तंतोतंत तसंच, त्याच दिशेला बघणारं, दुसरं. ब्रश तीन शून्यांचा. व्हिक्टोरिया राणीसाठी म्हणून ज्या जातीचे ब्रश विलायतेत प्रथम केले गेले, त्यातलाच एक मुलाने वाढदिवसाला पाठवला होता. मी श्वास रोखला, टेबलावर कोपर टेकवलं, मनात महाकालाचं नाव घेतलं आणि ठिपका दिला. उजवा डोळा सुरेख. डावा दिला. स्वार स्वतःच्या नाकाचं टोक बघू लागला.

पुसला, पुन्हा दिला. आता तो एका डोळ्याने देवासकडे आणि दुसऱ्याने रतलामकडे बघत होता. तिसऱ्यांदा तो नुसताच दचकला. आपल्या जुन्या ज्योतिषशास्त्राने पृथ्वीची मध्यरेषा उज्जैनमधून नेली. साऱ्या जगाची रेखांशं इथून मोजली. सवाई जयसिंगांनी इथेच वेधशाळा बांधली. आणि त्याच गावात मला बारा सेंटिमीटरच्या माणसाच्या दोन डोळ्यांमधली मध्यरेषा सापडत नव्हती.

अकराव्या प्रयत्नाला मी समाधानी झालो आणि आईला दाखवायला नेला. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला अजिबात दाखवू नये अशा गोष्टीही दिसतात. तिने चष्म्याशिवाय एकदा बघितलं.

"तिरळा आहे."

"कुठे? भिंगातून बघ."

"भिंग तुला लागतं. मला नाही."

आई पेणची. गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीतच लहानाची मोठी झालेली. ती म्हणाली, "रंग कुणीही देतो रे. आमच्याकडे आखणीला वेगळा माणूस असायचा. सगळी मूर्ती झाली, की शेवटी तो यायचा, डोळे आखायचा. त्या वेळी कारखान्यात कोणी शिंकायचं नाही. तू डोळे मध्येच काढून बसलास आणि वर फेटा बांधतोयस!"

मी तिला सांगितलं, की आमच्यात डोळे आधी करतात, म्हणजे बिघडले तर बाकीची मेहनत वाया जात नाही.

"बिघडतील असं धरूनच बसलास तर बिघडणारच," आई म्हणाली. "आण इकडे."

मी ब्रश देईना. राणीच्या जातीचा ब्रश! तिने मागितलाही नाही. उदबत्तीची काडी घेतली, टोक दाताने बारीक केलं आणि वरच्या पापणीची एकच रेघ ओढली. बुबुळाचा वरचा भाग रेघेखाली झाकला गेला आणि चार वर्षं दचकलेला माणूस एकदम शांत झाला. आता तो लांबवर काहीतरी बघत होता. धुळीत येणारं कोणीतरी.

"दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांना मी असेच डोळे काढून द्यायचे तुला," ती म्हणाली. "तेव्हा मापं विचारत नव्हतास."

ते मावळे मला आठवत होते. मातीचे, रुपयाला डझनभर, नाक नसलेले. शिवाजी महाराज सोडले तर सगळे एकाच साच्यातले. बुरुजावर उभे केले की सोळा आणे खरे वाटायचे. कोणाचाही पट्टा चुकीच्या खांद्यावर आहे, हे मला दिसलं नव्हतं. माळव्याच्या काळ्या मातीचा किल्ला, त्यावर पेरलेली मोहरी, आणि खाली पुठ्ठ्यावर 'रायगड'. आमच्या आळीतल्या मुलांना तो चितोडगड वाटायचा. त्यालाही आमची हरकत नव्हती.

शेवटचं काम वॉर्निशचं. श्रावण लागला होता. उज्जैनचा श्रावण इतरांसारखा महिन्याचा नसतो. दीड महिना चालतो. उत्तरेचा श्रावण पौर्णिमेपासून, आपला अमावास्येनंतर, आणि महाकालाची सोमवारची सवारी दोन्ही पंचांगांचा मान राखते. त्यामुळे हवाही दीड महिना ओली. अशा हवेत मॅट वॉर्निश फवारायचं नसतं, हे डब्यावर लिहिलेलं असतं. डब्यावर लिहिलेलं वाचायचं नाही, हा वर सांगितलेल्या बाण्याचाच भाग.

सोमवार होता. सवारी निघायची होती, रामघाटाकडून ढोल ऐकू येत होते, घरात सगळे निघायच्या गडबडीत. म्हटलं, देवदर्शनाआधी हे शुभकार्य उरकू. गच्चीच्या जिन्यात उभं राहून फवारा मारला आणि कपडे बदलायला गेलो. येऊन बघतो तो स्वार पांढराफटक. डोक्यापासून बुटापर्यंत राखेचा थर. ओल्या हवेने वॉर्निशवर साय धरली होती. चार वर्षांची तपकिरी सावली, मलईचा उजेड, आईचे डोळे, सगळं धुक्यात.

मी जिन्यात मटकन बसलो. ही आली, बघितलं आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडू आलं. रडू नव्हतं. आई मागून आली. तिने दोन्ही हात जोडले.

"भस्मारती झाली रे याची!"

साफेवाले शेजारी हाक मारायला आले होते. त्यांनीही बघितलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मनापासून दाद दिली. "अब लग रिया है उज्जैन का!"

मी सवारीला गेलो, पण लक्ष लागेना. पालखीपुढे हात जोडून उभा असताना माझ्या मनात आलं, की इथे पुजारी रोज संध्याकाळी भांगेने देवाचा चेहरा घडवतात. सुकामेवा लावून मिशा, डोळे, भुवया काढतात आणि पहाटे चारच्या भस्मारतीआधी सगळं उतरवून मोकळे होतात. उद्या पुन्हा. यांना कोणी विचारत नाही, की सिंहस्थाआधी संपेल का. आणि मी चार वर्षांत एक चेहरा करून दर तासाला येरझारा घालतोय.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. वरून चकचकीत वॉर्निशचा पातळ हात दिला की साय विरघळते, असं वाचलं होतं. विरघळली. अंगरखा पुन्हा पिवळा झाला, डोळे पुन्हा लांब बघू लागले. फक्त गुडघ्यापासून खाली पांढुरकेपणा राहिला, आणि तो मी राहू दिला. एरवी लोक बुटावर धूळ दाखवायला विकतची भुकटी आणतात. माझ्या स्वाराला माळव्याची धूळ आपोआप लागली. थोडीशी महाकालाची असेल.

आता तो कपाटात आहे. मी सगळ्यांना बोलावून चहा दिला, चहाच्या गाळणीतून. चुलतभाऊसुद्धा आले. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "फितूर आहे, पण रुबाबदार आहे." ही माझी आजवरची सगळ्यात मोठी पावती.

मी शिलेदारी पद्धतीवर चार शब्द बोलायला उभा राहिलो. तेवढ्यात इंदूरने तोफ डागली.

"शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा. तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो."

"मग याचा कुठाय?"

खोलीत शांतता पसरली. साफेवाले पुढे सरकून बसले. मी पायउतार स्वाराची कैफियत पुन्हा सुरू केली, पण १८०१ पासून तिचा निकाल ठरलेला होता. घोडा नाही म्हणजे हा बारगीर. एका आण्यातूनही दर्जा उतरला.

गेल्या आठवड्यात मोठं पार्सल आलं. पाठवणाऱ्याकडे पैसे हिने भरले होते. खरी किंमत, सोळाच्या सोळा आणे. आत एकास सोळा मापाचा घोडा. पाय वेगळे, मान वेगळी, शेपूट वेगळी. चार पाय मी दोनदा मोजले, डावे-उजवे तपासले. मी गहिवरून तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "गहिवरू नका. घोडा झाला, की त्यावर बसून हा एकदाचा घराबाहेर जाईल म्हणून आणलाय."

मी मान डोलावली. तिच्या आनंदावर विरजण कशाला घाला! घोड्याला मोतद्दार लागतो आणि तो वेगळा मिळतो, हे तिला २०२८ नंतर सांगेन.